वाटेवरचे आण्णा

पुण्याहून गोव्याला निघालेल्या माणसाला आमची निपाणी दिसते ती गाडीच्या काचेतून. तीही त्या क्षणी तो जागा असला तर. कागल मागे पडतं, कोगनोळीचा नाका जातो, पाट्यांवरची अक्षरं गोलगोल होतात, की तो "आलं वाटतं कर्नाटक" एवढं बोलून मान कलती करतो. बेळगावची गतही वेगळी नाही. "बेळगाव ना? गोव्याच्या वाटेवर लागतं," हीच त्या शहराची ओळख. जणू रट्टांनी किल्ला बांधला, आदिलशाहीने तो मजबूत केला, गांधीजींनी तिथं अधिवेशन भरवलं, ते सारं गोव्याला जाणाऱ्यांची मध्येच चहाची सोय व्हावी म्हणून!

या एका वाक्याचा सूड घ्यायलाच विधात्याने आमच्या सीमाभागात माणसांची एक जात जन्माला घातली असावी. लोक म्हणतात, बेळगाव गोव्याच्या वाटेवर आहे. ही माणसं म्हणतात, सगळं जग बेळगावच्या वाटेवर आहे. तुम्ही कुठंही निघालेले असा, त्यांना जे दाखवायचंय ते 'वाटेवरच' असतं. अशा माणसाला निपाणीत आण्णा म्हणतात, संकेश्वरात मामा म्हणतात, बेळगावच्या शहापुरात काका म्हणतात. नाव कुठलंही असो, हुद्दा एकच.

आमच्या शेजारचे आण्णा तंबाखूच्या वखारीत ३५ वर्षं दिवाणजी होते. तंबाखूच्या धुळीत उभा जन्म गेला, पण जिभेला तिचा कण लागू दिला नाही. वखारीने त्यांना दोनच गोष्टी दिल्या. एक, गल्लीतली कुत्री उठून बसतील अशी शिंक. दुसरी, अंतर विड्यांत मोजायची सवय. "इथनं दोन विड्यांची वाट" असं ते सांगतात. ती विडी कोण ओढणार आणि किती सावकाश ओढणार, ते कधीच सांगत नाहीत. अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, खिशात निळी आणि लाल अशी दोन पेनं, काखेत छत्री आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत शेंगदाणे, रुमाल आणि एक लांबोडकी चोपडी. चोपडीत पूर्वी तंबाखूच्या बोदांचा हिशेब असे. आता साऱ्या बेळगाव जिल्ह्याचा इतिहास जमा-नावे करून लिहिलेला आहे.

गेल्या ऑक्टोबरात माझे मेहुणे सहकुटुंब गोव्याला निघाले आणि आम्हा दोघांना न्यायला निपाणीत थांबले. मेहुणे म्हणजे घड्याळाचा माणूस. नऊला चहा, सव्वानऊला प्रस्थान, संकेश्वरला उजवीकडे वळून आजरा-आंबोलीवरून बांदा, संध्याकाळी सहाला समुद्रावर सूर्यास्त, असा छापील बेत त्यांच्या खिशात होता. चहाचा दुसरा घोट घेताहेत तोच दारात शिंक ऐकू आली.

"काय पाव्हणं, कुठं निघालासा?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मेहुण्यांनी दिलं.

"गोवा? मग स्तवनिधी वाटेवरच की ओ! मला तेवढं तवंदीच्या घाटावर सोडा. तिथनं बशीनं येतो माघारी."

निपाणीपासून तवंदीचा घाट जवळ. बस मिळते. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मेहुण्यांनी पुढची सीट दिली. सातजणांच्या गाडीत आम्ही पाचच होतो. सहावे आले आणि ती गाडी आमची राहिली नाही.

स्तवनिधीला जायचं म्हणून निघालेली गाडी आधी गावात वळली, कारण निपाणकर सरकारांचा वाडा 'वाटेवर' होता. वाडा पाहून हमरस्त्याला लागलो. थोडं पुढे गेल्यावर आण्णांनी हात वर करून गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरले. आम्हाला वाटलं, आता अर्धा तास गेला. पण चोपडी पिशवीतच राहिली. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या मागे उभं राहून पुणे-बंगळूर हमरस्ता इथं रोखून धरला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. आण्णा रस्त्याकडे बघत एवढंच म्हणाले, "सगळ्या गाड्या निपाणीत थांबल्या, त्या येळी." आणि गाडीत येऊन बसले. त्या दिवसात त्यांनी घेतलेला हा सर्वांत लहान थांबा.

स्तवनिधीला पार्श्वनाथाचं दर्शन झालं. आण्णा मात्र गाडीपाशी राहिले. हा या जातीचा दुसरा गुण. हे लोक जग दाखवतात, स्वतः बघत नाहीत. "तुम्ही या जाऊन, मी गाडी बघतो." म्हणजे पुढची सीट बघतात. परत आलो तेव्हा निपाणीकडे जाणारी बस समोरून धुरळा उडवत निघून गेली. आण्णांनी तिला जुन्या ओळखीच्या माणसाला करावा तसा हात केला.

"आण्णा, तुमची बस गेली," मेहुणे म्हणाले.

"जाऊ दे की. संकेश्वरला ढीग बशी मिळत्यात."

संकेश्वरचा फाटा म्हणजे या कथेतलं कुरुक्षेत्र. गोव्याला जाणारा इथं उजवीकडे वळतो. ड्रायव्हरने इंडिकेटर दिला होता. आण्णा अगोदर मिरचीवर बोलत होते. संकेश्वरी मिरची ताटात आली की तिची ओळख करून द्यावी लागत नाही, वगैरे. मग हिरण्यकेशी आली. "ही नदी आंबोलीस्नं येती. तुम्ही आंबोलीला निघालासा. आता नदीच जर इकडं आलीया, तर तुम्ही तिकडं कशाला जातासा?" या युक्तिवादातली खोच शोधण्यात मेहुण्यांचे पाच-सहा सेकंद गेले. तेवढ्यात आण्णांनी डावीकडे बोट दाखवून ड्रायव्हरला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. ड्रायव्हर पुण्याचा. त्याला कन्नड येत नव्हतं, पण बोट कळलं.

"अहो, हा रस्ता कुठं जातो?"

"गोकाकला. धबधबा हाय. वाटेवरच."

"कुठल्या वाटेवर?"

"आता आपण हितनंच निघालोय म्हटल्यावर वाटेवरच की ओ!"

याला तर्कशास्त्रात काय म्हणतात मला माहीत नाही. पण आमच्याकडे याच तर्काने पाहुणे जेवल्याशिवाय जात नाहीत, लग्नाचे मुहूर्त टळतात आणि निवडणुकाही जिंकल्या जातात.

"पण सूर्यास्त?" वहिनींनी बारीक आवाजात विचारलं.

"समुद्र कुठं पळून जातोय? उद्या बी असतोय. धबधब्याचं पाणी मात्र दिवाळीनंतर आटतंय."

हुक्केरीला आदिलशाहीतले घुमट लागले. ते बाहेरून पाहिले, कारण आता सर्वांना भूक लागली होती. इथं या जातीचा तिसरा गुण दिसतो. रस्त्यावर दिसेल ते हॉटेल चांगलं नसतं. "इथं नको. पुढं एक हाय, तिथं बसू." पुढचं आलं की, "हे आता पहिल्यासारखं राह्यलं न्हाई." अशी पाच हॉटेलं मागे टाकल्यावर आण्णांचं 'ते' हॉटेल आलं. त्याला कुलूप होतं. आण्णांनी बाहेर बसलेल्या माणसाला विचारलं, "ऊट आतेन्री?" तो जेवलेला होता. त्याच्या जेवणावर आण्णांचं निम्मं समाधान झालं. उरलेलं निम्मं आणि आमचं अख्खं, एका बसस्टँडसमोरच्या गाड्यावर गिरमिट आणि मिरचीभजी खाऊन करावं लागलं. आण्णा गाडेवाल्याशी भाव कन्नडमध्ये करत होते, मिरचीबद्दल तक्रार मराठीत. शेजारी उभ्या पोलिसाशी हिंदीत बोलत होते. पैसे मेहुण्यांनी पुणेरीत दिले, म्हणजे मोजून.

मेहुण्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, नुकताच युरोपातून आला होता. पोट भरल्यावर त्याला कंठ फुटला. स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेवर ओंदारिबिया नावाचं बास्क लोकांचं गाव त्याने पाहिलं होतं. तटबंदीच्या आत जुन्या गल्ल्या, मधोमध किल्ला, मागे डोंगर आणि डोंगरातून समुद्राकडे बघत चालायच्या पायवाटा. तिथली भाषा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही, हे त्याने मोठ्या नवलाने सांगितलं.

किल्ला आणि डोंगर यांवर आण्णांनी नुसता हुंकार दिला. भाषा म्हटल्यावर मात्र ते सीटवर पूर्ण मागे वळले.

"तिथं दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत?"

"दोन्ही. बास्क आणि स्पॅनिश."

"वर कुठली?"

भाच्याला आठवेना. आण्णांनी निराशेने मान हलवली. एवढा खर्च करून पोरगं युरोपात गेलं आणि बघायचं तेच बघून आलं नाही!

हरलेली बाजी सावरायला भाच्याने बेट बाहेर काढलं. त्या गावाजवळून बिदासोआ नदी वाहते. अलीकडे स्पेन, पलीकडे फ्रान्स. नदीच्या मधोमध फैसान नावाचं चिमुकलं बेट आहे. १६५९ साली दोन्ही राज्यांनी तिथं बसून तह केला. ते बेट आजही सहा महिने स्पेनचं असतं आणि सहा महिने फ्रान्सचं. दरवर्षी, बिनतक्रार.

गाडीत शांतता पसरली. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला श्रीखंडाची कृती ऐकवण्यासारखं आहे. आण्णांनी चोपडी उघडली, लाल पेन काढलं, विचार केला, पेन परत खिशात ठेवलं.

"सहा महिन्यांचं काय घेऊन बसलायसा! आमच्या निपाणीची पोरं देवचंद कॉलेजात शिकत्यात. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुका, म्हणजे महाराष्ट्र. पोरं रोज सकाळी महाराष्ट्रात जात्यात आणि दुपारी जेवायला कर्नाटकात येत्यात. तह न्हाई, काय न्हाई. सायकलवर!"

फ्रान्स आणि स्पेन एका वाक्यात गार झाले.

गोकाकचा धबधबा खरोखर बघण्यासारखा आहे, हे मी मेहुण्यांसमोर त्या दिवशी कबूल केलं नाही. आता करतो. घटप्रभा सपाट कातळावरून शांतपणे येते आणि घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून पावणेदोनशे फुटांच्या आसपास खाली उडी घेते. वर झुलता पूल, काठावर जुनी देवळं आणि सूतगिरणी. या पाण्यावर १८८७ सालीच वीज निर्माण झाली होती, हे आण्णांनी कड्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. लोक याला भारताचा नायगारा म्हणतात. आण्णांना ती उपमा मंजूर नाही.

"नायगारा बघितलाय मी टीव्हीत. पाणी हाय. पण करदंट हाय का?"

करदंट म्हणजे तळलेला डिंक, गूळ आणि सुका मेवा यांची वडी. कन्नडमध्ये 'करिद अंटू', म्हणजे तळलेला डिंक, त्यावरून करदंट. एवढी व्युत्पत्ती सांगून त्यांनी मेहुण्यांना दोन किलो घ्यायला लावलं. दगडी कठड्याशी मेहुणे पाण्याकडे बघत बराच वेळ उभे होते. घड्याळ हातात होतं, पण ते बघत नव्हते. आण्णांनी माझ्याकडे पाहून एक भुवई वर केली. वखारीत सौदा पटायच्या आधी दिवाणजी अशीच करत असावेत.

बेळगावला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. मेहुण्यांनी हॉटेल शोधायला मोबाइल काढला. आण्णा म्हणाले, "माझी भाची शहापुरात ऱ्हाती. तिला सांगितलंय सकाळीच." सकाळी म्हणजे स्तवनिधीच्याही आधी! तवंदीपासून परत जाणारी बस आण्णांच्या हिशेबात कधी नव्हतीच. "पण तिच्याकडं जेवण आठाला. त्याच्या आत राजहंसगड हुतोय. वाटेवर हाय."

येळ्ळूरच्या राजहंसगडावर मात्र आण्णा स्वतः चढले. गाडी बघायला कोणी ठेवलं नाही. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं काही दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झालं. एकदा एका पक्षाने केलं, एकदा दुसऱ्याने. "बरं झालं की," आण्णा म्हणाले. "एकानं केलं असतं तर दुसरा बघायला आला नसता." तटावर उभं राहून त्यांनी गावं मोजायला घेतली. हे येळ्ळूर, ते वडगाव, हे अनगोळ, तो सांबऱ्याचा विमानतळ. मग उत्तरेला छत्री रोखली. "आणि ती निपाणी."

तिथून निपाणी ७५ किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये तवंदीचा घाट. छत्रीच्या टोकाशी धूसर क्षितिजाखेरीज काही नव्हतं. मेहुण्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हो हो, दिसली." पुण्याचा माणूस दिसत नसलेल्या गोष्टीला दिसली म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंद्याचा नाश्ता करून किल्ला. किल्ल्यात आण्णांची चोपडी अखेर पूर्ण उघडली. १२०४ सालची कमल बस्ती, रट्टांचा मंत्री बिचिराजा याने बांधलेली: जमा. "ज्ञानेश्वरीच्या आधी ८६ वर्षं," आण्णांनी बेरीज-वजाबाकी करून ठेवली होती. मूर्ती नेमिनाथाची. मंडपात शिरल्यावर ते म्हणाले, "मान वर करा," आणि गप्प झाले. छतातून दगडाचं कमळ खाली उमललं आहे. ज्याने ते घडवलं त्याला कोणी 'कुठल्या वाटेवर' असं विचारलं नसणार. बाहेर आल्यावर पुन्हा हिशेब सुरू. सफा मशीद: जमा. १९२४ सालचं काँग्रेस अधिवेशन: जमा, लाल शाईने अधोरेखित, कारण गांधीजी अध्यक्ष झाले असं ते एकच अधिवेशन, आणि ते बेळगावात. टिळकवाडीत त्या वेळची विहीर आजही आहे. तीही वाटेवर निघाली.

"आता तरी निघायचं ना, आण्णा?" मेहुण्यांनी विचारलं. आवाजात पूर्वीचा कंड नव्हता.

आण्णांनी ठेवणीतला हिशेब काढला. "१८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद कोल्हापुरास्नं बेळगावला आले. पुढं कुठं गेले?"

"कुठं?"

"गोव्याला! म्हणजे तुमचाच रस्ता. पण आधी बेळगावात ऱ्हायले, लोकांशी बोलले, मग गेले. विवेकानंद थांबले, गांधीजी थांबले. पु. ल. देशपांडे हितं कॉलेजात शिकवायला ऱ्हायले, म्हणून त्यास्नी रावसाहेब घावले. तुमास्नी सायब, घाई कशाची?"

यावर बोलायला कोणापाशी काही नव्हतं. ज्या शहराला सारे ओलांडून जातात, त्या शहरात कोण कोण थांबलं होतं, याची यादी त्या चोपडीत होती. वखारीत येणाऱ्या प्रत्येक बोदाची नोंद ठेवणाऱ्या माणसाने, थांबलेल्या माणसांचीही ठेवली होती. खालच्या ओळीत निळ्या शाईने आमची तारीख आणि गाडीचा नंबर लिहिलेला मी पाहिला.

पिरनवाडीला जांबोटीकडे रस्ता फुटतो. तिथून चोर्ला घाटाने गोवा. आण्णा उतरले. वहिनींना राहवेना. "आण्णा, तुम्हीही चला की आमच्याबरोबर. समुद्र बघाल."

आण्णांनी समुद्राचा विचार केला. छत्री काखेत घट्ट केली.

"नको ओ. गोवा जरा आडवाटेला पडतंय."

निपाणीपासून हाकेच्या अंतरावरचा गोवा त्यांनी अजून पाहिलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. पाच मिनिटांत शेजारच्या माणसाशी बोलू लागले. तो कुठं निघाला होता देव जाणे, पण आण्णांचं बोट राजहंसगडाकडे वळलेलं दिसलं.

गोव्यात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. एका रात्रीचं आगाऊ भाडं बुडालं होतं आणि वाटेत कणकुंबीला मेहुण्यांनीच गाडी थांबवली होती, कारण मलप्रभेचा उगम तिथं आहे असं भाच्याला मोबाइलवर दिसलं होतं. समुद्र होता तिथंच होता. आण्णांचं म्हणणं खरं निघालं.

तेव्हा वाचकहो, यंदा गोव्याला जाणार असाल आणि निपाणीत चहाला थांबायचा विचार असेल, तर दोन गोष्टी करा. गोव्याचं हॉटेल एक दिवस उशिराचं घ्या. आणि पुढची सीट मोकळी ठेवा.